नाव, नट आणि प्रेक्षक : म्युझिकलमधील पर्यायी नटाच्या स्वीकाराची चिकित्सा

सारांश

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे आणि लंडनमधील वेस्ट एंड येथील म्युझिकलमध्ये प्रमुख कलावंत अनुपस्थित राहिला, तर पर्यायी नट ती भूमिका करतो. अशा प्रयोगात आरंभी निराशा आणि अखेरीस जल्लोष, असा प्रेक्षकांचा दुहेरी प्रतिसाद अनेकदा आढळतो. हे दोन्ही प्रतिसाद भूमिकेपेक्षा नावाशी अधिक निगडित असतात. त्यामुळे त्यांपैकी कोणताही पर्यायी नटाच्या कलेचे खरे मोजमाप ठरत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रास्ताविक

नाटक ही जिवंत कला आहे, असे नेहमी म्हटले जाते. या जिवंतपणाचा एक व्यावहारिक अर्थ असा की नट आजारी पडतो, त्याचा घसा बसतो, पाय मुरगळतो. चित्रपटाला किंवा ध्वनिमुद्रिकेला ही अडचण नसते. आठवड्याला साधारणतः आठ प्रयोग करणाऱ्या ब्रॉडवे आणि वेस्ट एंडच्या म्युझिकलमध्ये गायन, नृत्य व अभिनय यांचा भार एकाच वेळी वाहावा लागतो. तेथे अनुपस्थिती हा अपवाद नसून व्यवसायाचा गृहीत भाग आहे आणि त्यासाठी पर्यायी नटांची पद्धतशीर योजना असते. तरीही 'आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक कलावंत करतील' ही घोषणा झाली की प्रेक्षागृहात नाराजीचा सूर उमटतो. ही नाराजी नेमकी कशाविषयी असते, आणि प्रयोग संपल्यावर त्याच प्रेक्षागृहात उभे राहून होणारा टाळ्यांचा कडकडाट कशासाठी असतो, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

पर्यायी नटांचे प्रकार

'पर्यायी नट' या एका संज्ञेखाली वस्तुतः चार निरनिराळ्या व्यवस्था येतात. 'अंडरस्टडी' हा दररोज एखादी लहान भूमिका किंवा समूहातील काम करतो आणि प्रसंग आल्यास प्रमुख भूमिकेत उभा राहतो. 'स्टँडबाय' कलावंताला नित्याची भूमिका नसते. त्याने केवळ सज्ज राहायचे असते. 'स्विंग' हा समूहातील अनेक जणांच्या जागा, हालचाली आणि सुरावटी लक्षात ठेवतो. 'ऑल्टरनेट' कलावंताचे प्रयोग मात्र आधीपासून ठरलेले असतात. ब्रॉडवेवर १९७९ मध्ये 'एव्हिटा' आले, तेव्हा पॅटी लुपोन आठवड्याला सहा प्रयोग करीत आणि दुपारचे प्रयोग टेरी क्लॉसनर करीत. भूमिकेचा आवाजावरील ताण लक्षात घेऊन ही वाटणी झाली होती.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. ऑल्टरनेट कलावंताचे नाव तिकीट घेतानाच प्रेक्षकाला कळू शकते. अंडरस्टडी किंवा स्टँडबाय यांचे नाव त्याला बहुधा नाट्यगृहाच्या दारात कळते. तयारीतही अंतर पडते. प्रमुख नटांच्या तालमी दिग्दर्शकासमवेत अनेक आठवडे चालतात. अंडरस्टडीची तालीम पुष्कळदा नाटकाचा शुभारंभ झाल्यानंतर, रंगमंच-व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली, पूर्ण वेशभूषा व पूर्ण वाद्यवृंद यांच्याविना होते. ज्याच्याशी प्रणयप्रसंग रंगवायचा, त्या सहनटासमोर तो पहिल्यांदा उभा राहतो, तेही कित्येकदा भरलेल्या प्रेक्षागृहापुढेच.

निराशेचे स्वरूप

प्रेक्षकांच्या आरंभीच्या निराशेला अरसिकता म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. म्युझिकलची तिकिटे महाग असतात. अनेक प्रेक्षक दूरच्या गावांहून किंवा परदेशांतून येतात आणि त्यांच्यासाठी तो प्रयोग आयुष्यात एकदाच घडणारा असतो. निर्मात्याने जाहिरातीत नाटकाच्या शीर्षकाच्याही वर कलावंताचे नाव छापलेले असेल, तर त्या नावाने एक वचनच दिलेले असते. अमेरिकी रंगभूमीवर अशा 'शीर्षकावरील' कलावंताच्या अनुपस्थितीत तिकीट बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची प्रथा आहे. नाव शीर्षकाखाली असेल, तर सामान्यतः ही सवलत मिळत नाही. नटाचे नाव हा विक्रेय मालाचा भाग आहे, हे व्यवसायाने स्वतःच मान्य केले आहे. मग प्रेक्षकाने त्या नावाची अपेक्षा धरली, तर दोष एकट्या प्रेक्षकाचा कसा?

ही निराशा बदलाविषयी नसून नावाविषयी असते, हे 'शिकागो' या म्युझिकलच्या इतिहासातून दिसते. १९७५ च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकात रॉक्सी हार्टची भूमिका ग्वेन व्हर्डन करीत होत्या. घशाच्या तक्रारीमुळे त्यांना काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली, आणि त्यांच्या जागी लायझा मिनेली उभ्या राहिल्या. या बदलाचा आगाऊ गाजावाजा करण्यात आला नव्हता. व्यवस्थेच्या दृष्टीने ही बदलीच होती. मूळ नटी अनुपस्थित होती आणि दुसरीने अल्प तयारीत काम केले होते. परंतु चित्रपटामुळे मिनेली यांचे नाव तेव्हा शिखरावर होते, आणि लोकांनी त्या प्रयोगांना गर्दी केली. एका नावाच्या जागी तितकेच किंवा अधिक मोठे नाव आले की 'बदली' हा शब्दच गळून पडतो. प्रेक्षकाला नको असते ते अनोळखीपण.

जल्लोषाची आख्यायिका

प्रयोगाअखेरीच्या जल्लोषामागेही एक जुनी कथा उभी असते. १९३३ च्या '४२ स्ट्रीट' या चित्रपटात प्रमुख नटीचा घोटा दुखावतो, समूहातील एक नवखी मुलगी ऐनवेळी तिच्या जागी उभी राहते आणि एका रात्रीत तारका होते. १९८० मध्ये याच कथेवर ब्रॉडवेवर म्युझिकल झाले. या आख्यायिकेला वास्तवाचा आधारही मिळाला. १९५४ मध्ये 'द पजामा गेम' या नाटकातील कॅरल हेनी जखमी झाल्या, त्यांच्या अंडरस्टडी शर्ली मॅक्लेन रंगमंचावर आल्या, चित्रपटनिर्माते हॅल वॉलिस यांनी त्यांना पाहिले आणि मॅक्लेन यांचा चित्रपटातील प्रवास सुरू झाला.

ही कथा प्रेक्षकांच्या मनात इतकी रुजली आहे की पर्यायी नटाचा प्रयोग पाहताना ते एकाच वेळी दोन नाटके पाहत असतात. एक लेखकाने लिहिलेले. दुसरे, अनोळखी नट संकटातून प्रयोग तारून नेतो याचे. अखेरीच्या टाळ्या पुष्कळदा या दुसऱ्या नाटकाला असतात. त्यांत औदार्य असते, दिलासा असतो आणि एखाद्या उदयाचे साक्षीदार झाल्याचा आनंदही असतो. परंतु 'इतक्या कमी वेळात तिने हे केले' ही दाद परिश्रमाची आहे. तिने भूमिकेचा कोणता अर्थ लावला, याविषयी त्या टाळ्या काहीच सांगत नाहीत.

२३ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द म्युझिक मॅन'च्या पूर्वप्रयोगात सटन फॉस्टर यांच्या जागी स्विंग असलेल्या कॅथी व्हॉइट्को यांनी काम केले. प्रयोगानंतर ह्यू जॅकमन यांनी प्रेक्षकांसमोर त्यांचा आणि एकूणच स्विंग व अंडरस्टडी कलावंतांचा गौरव केला. ते भाषण जगभर पाहिले गेले. कोविडच्या लाटेत याच कलावंतांनी रंगभूमी चालू ठेवली होती. त्यामुळे तो गौरव उचितच होता. मात्र त्याच महिन्यात ब्रॉडवे लीग या निर्मात्यांच्या संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी, अंडरस्टडी कलावंत प्रमुख नटांइतके परिणामकारक नसल्याचे सूचित करणारे विधान केले आणि तीव्र प्रतिक्रियेनंतर त्याबद्दल क्षमा मागितली. शौर्याचा गौरव आणि गुणवत्तेविषयी संशय या दोन्ही गोष्टी एकाच व्यवसायात एकाच वेळी नांदू शकतात, हे यावरून लक्षात येते.

एलायझा आणि फॅनी : दोन उदाहरणे

२००१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली 'माय फेअर लेडी' सादर केले. दूरचित्रवाणी मालिकेतून घरोघरी पोहोचलेल्या मार्टिन मकचन एलायझाच्या भूमिकेत होत्या. आजारपणामुळे त्यांचे अनेक प्रयोग चुकले आणि अंडरस्टडी अलेक्झांड्रा जे यांना वारंवार उभे राहावे लागले. जे यांचीही प्रकृती बिघडली, तेव्हा केरी एलिस यांनी भूमिका केली. वृत्तपत्रांतून याची पुष्कळ चर्चा झाली. पण ती मुख्यतः कोणी किती प्रयोग चुकवले याची होती. पुढे जोआना रायडिंग यांनी ही भूमिका स्वीकारली. मकचन यांना २००२ चे आणि रायडिंग यांना २००३ चे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. एकाच निर्मितीतील एकाच भूमिकेने लागोपाठ दोन नटींना सन्मान मिळवून दिला. भूमिका एका नावाची मिरासदारी नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

येथे एक योगायोग अर्थपूर्ण ठरतो. या म्युझिकलचा आधार असलेल्या शॉच्या 'पिग्मॅलियन'चा गाभाच असा आहे की फुलवाली आणि सरदारघराण्यातील स्त्री यांच्यातला फरक त्यांच्या वागण्यात नसून लोक त्यांना कसे वागवतात यात असतो. नाव मिळालेली नटी आणि पर्यायी नटी यांच्यातील अंतराचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

'फनी गर्ल'चे उदाहरण याच्याही पुढे नेते. फॅनी ब्राइस ही अनोळखी मुलगी प्रेक्षकांना जिंकत झीगफेल्डच्या रंगमंचावरील तारका होते, हा या नाटकाचा विषय. १९६४ मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी ही भूमिका इतकी आपलीशी केली की ध्वनिमुद्रिका आणि १९६८ चा चित्रपट यांमुळे नंतरची प्रत्येक फॅनी ही जणू त्यांचीच बदली ठरली. २०१६ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात शेरिडन स्मिथ दीर्घ रजेवर गेल्या, तेव्हा नताशा बार्न्स यांनी भूमिका केली आणि त्यांचे मोठे कौतुक झाले. अनोळखी नटीने ही भूमिका केली की नाटकातील घटना आणि प्रेक्षागृहातील घटना एकरूप होतात. फॅनीला समोरच्या लोकांना जिंकायचे असते, आणि नटीलाही. प्रस्थापित तारका असेल, तर प्रेक्षक पहिल्या प्रवेशापूर्वीच जिंकले गेलेले असतात आणि पूर्वार्धातील संघर्ष फिका पडण्याचा धोका संभवतो. पर्यायी नटी ही येथे तडजोड न राहता संहितेच्या अर्थाला बळ देणारी शक्यता ठरते.

२०२२ मध्ये हेच नाटक ब्रॉडवेवर परतले. बीनी फेल्डस्टीन यांनी जुलैअखेर नाटक सोडले आणि स्टँडबाय असलेल्या ज्यूली बेंको यांनी ऑगस्टमध्ये फॅनी साकारली. सप्टेंबरपासून लिआ मिशेल आल्या, आणि बेंको यांना ऑल्टरनेट म्हणून गुरुवारचे प्रयोग देण्यात आले. नटी तीच, भूमिका तीच; पण स्टँडबाय असताना ज्या नावाची घोषणा दारात ऐकावी लागे, तेच नाव आता गुरुवारचे तिकीट काढणाऱ्याला आधीच ठाऊक असे. कलेत एका महिन्यात क्रांती झाली नव्हती. प्रेक्षकाशी झालेला करार तेवढा बदलला होता.

रसविचाराच्या प्रकाशात

या प्रश्नाचा विचार भारतीय नाट्यचिंतनाच्या आधारेही करता येतो. रसास्वादाच्या मार्गातील विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने, प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे एक विघ्न मानले आहे. गीत, वाद्य आणि रंगमंडपाची शोभा यांनी ते दूर होते, असे तो म्हणतो. घोषणेनंतरची निराशा हे नेमके असे विघ्न आहे. प्रेक्षक कथेत नसतो, आपल्या हुकलेल्या संधीत असतो. घोषणेपाठोपाठ वाद्यवृंदाचे प्रारंभिक वादन सुरू होते आणि मन हळूहळू नाटकाकडे वळते. म्युझिकलमध्ये ही निराशा विरण्यामागे संगीताचा वाटा मोठा असला पाहिजे.

दुसरे विघ्न देशकालाच्या विशिष्ट जाणिवेचे. नटाचे नटपण झाकले गेले की त्याचे निवारण होते. ख्यातनाम कलावंताच्या बाबतीत नेमके हेच अवघड असते, कारण त्याचे नटपण झाकायचे नसून विकायचे असते. मार्विन कार्लसन यांनी 'द हाँटेड स्टेज' (२००१) या ग्रंथात, नटाच्या पूर्वीच्या भूमिका नव्या भूमिकेत भुतांसारख्या वावरतात, असे दाखवले आहे. पर्यायी नटाजवळ अशी भुते नसतात. पण अनुपस्थित तारकेचे भूत मात्र त्याच्यासोबत रंगमंचावर येते.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. हास्य, साधुकार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या देणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे होत. दैविकी सिद्धी याहून निराळी. प्रेक्षागृह भरलेले असते, पण ना आवाज ना क्षोभ. भावाचा उत्कर्ष तेवढा जाणवतो. पर्यायी नटाच्या प्रयोगाला हा निकष लावला, तर लक्ष अखेरच्या टाळ्यांकडून मधल्या शांततेकडे वळते. कोणत्या क्षणी प्रेक्षक घोषणा विसरले? कोणत्या गीतापासून तुलना थांबली? नटाची खरी परीक्षा तेथे होते.

मराठी रंगभूमीचा संदर्भ

मराठी संगीत रंगभूमीने नावाचे हे सामर्थ्य फार पूर्वी अनुभवले आहे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांच्या कन्येचे निधन झाले होते; तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. ही घटना कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि ती निष्ठा थोर आहेच. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. ज्या व्यवस्थेत नावाला पर्याय नसतो, तेथे शोकाच्या दिवशीही नटाला रजा नसते. पर्यायी नटाची प्रतिष्ठा हा म्हणूनच प्रमुख नटाच्याही माणूसपणाचा प्रश्न आहे.

पुढील काळातील उदाहरणे मुख्यतः ऐनवेळच्या बदलीची नसून वारशाची आहेत. 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेल्या 'ती फुलराणी'त (१९७५) भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली. नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी ती भूमिका केली, तेव्हा प्रत्येकीला प्रेक्षकांच्या कानातल्या त्या पहिल्या आवाजाशी सामना करावा लागला. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधील खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण इतके दृढ होते की २०१० च्या पुनरुज्जीवनात त्यांचे नातू राहुल देशपांडे उभे राहिले, तेव्हाही तुलना अटळ होती. ध्वनिमुद्रिकेने पहिला आवाज गोठवून ठेवला की पुढचे सारे गायक-नट कायमचे पर्यायी ठरतात. ब्रॉडवे आणि मराठी संगीत नाटक यांना जोडणारा हा समान अनुभव आहे.

समीक्षेचे दायित्व

प्रेक्षकांच्या या सवयीला समीक्षेनेही खतपाणी घातले आहे. वृत्तपत्रीय परीक्षण शुभारंभाच्या सुमारास लिहिले जाते, आणि तेव्हा प्रमुख नटच उभा असतो. पर्यायी नटाच्या वाट्याला बातमी येते, परीक्षण येत नाही. बातमीत किती तासांची तयारी, कोणती वेशभूषा ऐनवेळी आवळून घेतली, अशा गोष्टी असतात. त्याने संवादातील विराम कोठे बदलला, गीताची लय का संथ केली, सहनटांचा प्रतिसाद त्यामुळे कसा बदलला, हे नोंदले जात नाही. रंगभूमीच्या इतिहासातून या असंख्य भूमिका अशा रीतीने पुसल्या जातात. एकाच दिग्दर्शनात, एकाच नेपथ्यात, त्याच सहनटांसमवेत केवळ एक व्यक्ती बदलते, तेव्हा भूमिका म्हणजे काय आणि नट म्हणजे काय हे वेगळे करून पाहण्याची दुर्मीळ संधी अभ्यासकाला मिळते. ती दवडणे हे समीक्षेचेच नुकसान होय.

समारोप

आरंभीची निराशा नटाला त्याने केलेल्या कामाआधीच उणे ठरवते. अखेरचा जल्लोष त्याच्या कामाऐवजी त्याच्या धाडसाला अधिक मोजतो. दोहोंच्या मध्ये दोन-अडीच तासांचे जे काम घडते, ते मात्र अनुल्लेखित राहते. प्रेक्षकाला नावाची अपेक्षा सोडून देण्याचा उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ती अपेक्षा व्यवसायाने निर्माण केली आहे. निर्मात्यांनी पर्यायी कलावंतांची नावे जाहिरातीत व कार्यक्रमपत्रिकेत सन्मानाने द्यावीत, त्यांचे ठरलेले प्रयोग असावेत, त्यांना पुरेशी तालीम मिळावी आणि समीक्षकांनी त्या प्रयोगांना जावे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. पर्यायी नटाला दया नको असते आणि चमत्काराची प्रभावळही नको असते. आपल्या भूमिकेचे मूल्यमापन ती भूमिका म्हणूनच व्हावे, हा त्याचा साधा हक्क आहे. तो मान्य करणे हेच प्रगल्भ प्रेक्षकत्वाचे लक्षण मानावे लागेल.